टेकडीवरची फेरतपासणी

एका जंगलात, मुलांनो, एक टेकडी होती. हो, होती म्हणजे शिल्लक होती. बिल्डरला अजून सापडली नव्हती.

टेकडीच्या माथ्यावर एक तळं होतं. तळ्यात एक बगळा उभा होता. एका पायावर.

आता बगळा एका पायावर का उभा राहतो? सोप्पं आहे. बगळा आहे म्हणून. त्याची आई तशीच उभी राहायची, आजी तशीच. कुणी काही म्हटलं नाही. पण हा बगळा शिकलेला होता. हिवाळ्यात परदेशी पक्ष्यांचा थवा आला होता ना, त्यांच्यासोबत त्याने दोन-चार आठवडे काढले होते. तेवढ्यात माणूस काय काय शिकतो, हा तर बगळा. थवा गेला आणि याला साक्षात्कार झाला, की आपण नुसते उभे नाही आहोत. आपण व्यायाम करतोय!

लगेच तळ्याकाठी पाटी लागली. 'सांधे, स्नायू व क्रीडा-आरोग्य संशोधन केंद्र. प्रमुख: डॉ. बगळे.'

पाटी लागली की दुखायला लागतं. हा जंगलाचा नियम आहे. आदल्या दिवशीपर्यंत धडधाकट असलेलं रानडुक्कर मान वाकडी करून आलं. माकड खांदा धरून आलं. सापही आला होता, पण सरांनी त्याला विचारलं, "एका पायावर उभं राहता येईल का?" साप म्हणाला, "सर, एक तरी द्या, मग बघतो." त्याला अपात्र ठरवलं.

पण काही जणांचं खरंच दुखत होतं. त्यातलीच एक शेवंती.

शेवंती भेकर होती. भेकर म्हणजे छोटंसं हरीण हो. दिसायला एकदम लाजाळू. पण घाबरलं की कुत्र्यासारखं भुंकतं, आणि ते असं, की सोसायटीचा वॉचमनसुद्धा जागा होईल. दगडावरून घसरून तिचा मागचा उजवा गुडघा गेला होता. आणि तिला तो उन्हाळ्याच्या आत परत हवा होता. का, ते नीट ऐका, कारण सगळी गोष्ट त्याच्यावर आहे.

या जंगलातलं पाणी उन्हाळ्यात आटायचं. मग सगळे प्राणी पलीकडच्या रानात जायचे, तिथे बारमाही ओढा होता. मधे एक खोल घळ होती. धट्टेकट्टे प्राणी ती उडी मारून ओलांडायचे. म्हातारे, लंगडे, लेकुरवाळे, त्यांना उडी कशी जमणार? म्हणून एक जुनी रीत होती. सगळ्यांनी मिळून वठलेल्या झाडाचा एक मोठ्ठा ओंडका ढकलत आणायचा आणि घळीवर आडवा टाकायचा. त्यावरून सगळे पार. शेवटचा गेला की ओंडका घळीत लोटून द्यायचा. कारण मागे तरस असायचा.

तरसाला उडी जमत नाही. त्याचं पुढचं अंग भारी, मागचं बारीक. बोलेरोला रिक्षाची चाकं लावल्यासारखं. त्यामुळे जो पार गेला तो वाचला. जो मागे राहिला तो... तुम्ही लहान आहात, जाऊ द्या.

तर शेवंती लंगडत लंगडत टेकडी चढली.

"कुठे दुखतंय?" बगळेसरांनी विचारलं. डोळे मिटलेले.

"मागचा उजवा गुडघा, सर."

"एक ते दहामध्ये किती?"

शेवंती गोंधळली. भेकरांना चारपर्यंतच येतं. पायच तेवढे असतात. "चारातला एक, सर," ती म्हणाली.

"म्हणजे पंचवीस टक्के. सौम्य आहे."

"सौम्य कसलं हो सर, पाय टेकवत नाही मला!"

"मॅडम, दुखणं तुमचं, आकडा आमचा. उपचार सांगू?"

"सांगा."

"एका पायावर उभं राहायचं."

"कुठल्या?"

"दुखऱ्या."

"आणि बाकीचे तीन?"

बगळेसरांनी पहिल्यांदाच डोळे उघडले. तिच्या पायांकडे बघितलं. चार होते. हा मुद्दा त्यांच्या कधी लक्षातच आला नव्हता. पण मोठे संशोधक अशा वेळी अजिबात गडबडत नाहीत.

"बाकीचे तीन," ते म्हणाले, "मनातून उचला."

अशा रीतीने शेवंती संशोधनात सामील झाली.

पण मुलांनो, संशोधन म्हटलं की दोन गट लागतात. एकाला उपचार द्यायचा, दुसऱ्याला द्यायचा नाही, आणि मग बघायचं फरक पडतो का. हे एकदम बरोबर आहे, यात हसायचं काही नाही. अडचण एवढीच झाली, की उपचार न मिळणाऱ्या गटात जायला कुणीच तयार होईना. फुकटात मिळतंय ते कोण सोडेल?

तेवढ्यात झाडामागून आवाज आला. "मी चालेन का, सर?"

सगळे चार पावलं मागे सरकले. लंगडेसुद्धा भराभर सरकले. तरस होता.

"मला काही नको, सर," तरस नम्रपणे म्हणाला. "व्यायाम नको, उपचार नको. मी आपला टेकडीच्या पायथ्याला करवंदीच्या जाळीत बसून राहीन. येणाऱ्या-जाणाऱ्यांवर लक्ष ठेवीन. विज्ञानासाठी."

बगळेसर हेलावले. "या विषयाची आवड कशी काय लागली तुम्हाला?"

"हाडं आणि सांधे म्हणजे आमच्या घराण्यातला जिव्हाळ्याचा विषय, सर. माझे आजोबा तर पार मज्जेपर्यंत गेले होते."

"वा! वा! पण तुमची चाल थोडी लंगडी दिसते."

"जन्मजात आहे. आमच्यात त्याला स्टाईल म्हणतात."

सरांनी त्याला तुलना-गट म्हणून नेमलं. अख्ख्या गटात तो एकटाच. "गट लहान आहे," सर म्हणाले, "पण त्याची निष्ठा मोठी आहे."

उपचार सुरू झाले. दर अमावास्येला आणि पौर्णिमेला सकाळी फेरतपासणी. ठिकाण? टेकडीचा माथा. कारण सर माथ्यावर असायचे. कारण तळं माथ्यावर होतं. कारण मासे तळ्यात होते. विज्ञानात कारणं अशी एकाला एक जोडलेली असतात.

पहिल्या फेरतपासणीला शेवंती निघाली. पायथ्याशी एका कपारीत तिला गोदाक्का दिसली. गोदाक्का म्हणजे घोरपड. कंबर धरलेली. अर्धी आत, अर्धी बाहेर, आणि तोंड अखंड चालू.

"गोदाक्का, चला की वर. फेरतपासणी आहे."

"वर? अगं शहाणे, वर जाता आलं असतं तर कंबर दाखवायला आले असते का?"

"पण तुम्ही घोरपड ना? तुम्ही तर कडे चढता!"

"चढतो की! आमच्या खापरपणजीच्या कमरेला दोर बांधून अख्खी पलटण किल्ला चढली म्हणे. सगळे तेच सांगतात. पलटण वर गेली, झेंडा लागला, पेढे वाटले. पण नंतर खापरपणजीच्या कमरेचं काय झालं, विचारलं कुणी? घराण्यात तेव्हापासून ही कंबर आहे. तू जा. आणि हे बघ, वाटेत थांबू नकोस."

"का?"

"सांगते ते ऐक. दम लागला तरी चालत राहा. त्या करवंदीपाशी तर मुळीच नको."

शेवंती चढू लागली. पुढे ससा होता, टाच दुखणारा. तो करवंदीपाशी टेकला. "तू हो पुढे," म्हणाला, "मी जरा दम खातो."

मागे जाळी हलली. शेवंतीने वळून बघितलं. ससा नव्हता. शेवंती भुंकली. सगळं रान दणाणलं. मग ती जीव खाऊन वर पळाली, दुखऱ्या गुडघ्यानिशी.

"सुंदर!" सर म्हणाले. "मागच्या वेळेपेक्षा निम्म्या वेळात आलात. बघा, व्यायामाची कमाल!"

"सर, तरस आहे खाली! ससा..."

"ससा तपासणीला आला का?"

"तो कसा येईल? त्याला तर..."

"म्हणजे नाही आला. त्याने अभ्यास सोडला. वैयक्तिक कारण असेल. आपण खोलात जाऊ नये, नीतिमत्तेचा प्रश्न असतो."

खाली तरस मिशा पुसत बसला होता. कपारीतून गोदाक्काने विचारलं, "काय रे मुडद्या, सशाचं काय झालं?"

"वैयक्तिक कारण," तरस म्हणाला. "माझं."

असे दिवस गेले. मुंगसाने अभ्यास सोडला. मोराने सोडला. एका म्हाताऱ्या वानराने तर सकाळी नाव घातलं आणि दुपारी सोडला. गवा मात्र कधी वर गेलाच नाही. त्याचं नाव दौलतराव. डोंगराएवढा प्राणी, पण पुढचा डावा खांदा कामातून गेलेला. टेकडीकडे बघून तो म्हणायचा, "हे चढलो तर उतरताना माझा दगड होईल, आणि खाली ज्यांचं घर आहे ते सगळे अभ्यास सोडतील." तो पायथ्याच्या गवतातच चरायचा. तरस त्याच्यापासून अंतर ठेवून असायचा.

शेवंती चढत राहिली. गुडघा बरा झाला का? नाही. झाला एवढंच, की तिला लंगडत भराभर चढता यायला लागलं. उडी मारायला गेली की पाय तसाच मुडपायचा.

आणि मग आला निकालाचा दिवस.

तळ्याकाठी सभा भरली. अध्यक्ष सांबरराव. म्हणजे जंगलाचे प्रमुख. शिंगं एवढी मोठी, की त्यांच्या मागे बसलेल्यांना सभा कधी दिसायचीच नाही. बगळेसर एका पायावर उभे राहिले. सगळ्यांना वाटलं, आदराने. सवयीने होते.

"मित्रांनो," ते म्हणाले, "आज शेवटच्या तपासणीला जेवढे रुग्ण आले, त्यांतले किती जण स्वतःच्या पायांनी टेकडी चढून आले? सगळे! शंभर टक्के!"

टाळ्या!

"बरं, ज्याला उपचार दिलाच नाही त्या तरसाचं बघा. अंगावर मांस आलं. कातडी चकचकीत झाली. मन प्रसन्न आहे. याचा अर्थ काय?"

"काय?" माकडांनी विचारलं.

"अर्थ असा, की एका पायावर उभं राहणं नुसतं लांबून बघितलं तरी गुण येतो!"

काय टाळ्या पडल्या म्हणता! माकडांनी तर झाडावरून उड्या मारल्या. तुमच्या शाळेत गॅदरिंगला पण एवढा आवाज होत नाही.

सांबरराव उठले. "हा निकाल ऐकून माझा ऊर भरून आला आहे," ते म्हणाले. "दरवर्षी आपण तो ओंडका ढकलतो. सबंध दिवस जातो. घाम निघतो. शिंगांना चिरा जातात. कुणासाठी? लंगड्यांसाठी. आता जंगलात लंगडं कुणी उरलेलंच नाही! मग ओंडका कशाला? यंदापासून ओंडका बंद!"

आता तर लोकांनी एकमेकांना मिठ्याच मारल्या. खरं सांगू का? ओंडका ढकलायचा सगळ्यांना आधीपासूनच कंटाळा होता. फक्त कंटाळ्याला आजवर पुरावा नव्हता.

सभा पांगल्यावर शेवंती सरांकडे गेली.

"सर, एक विनंती आहे. एकच फेरतपासणी खाली घ्या ना. पायथ्याशी."

"पायथ्याशी?" सर हबकले. "मॅडम, तिथे तर कुणीही येईल!"

"तेच म्हणतेय मी. गोदाक्का येईल. दौलतराव येतील. ज्यांना चढता येत नाही ते सगळे येतील."

"आणि मग माझ्या शंभर टक्क्यांचं काय होईल?"

"ते कमी होतील, सर."

"बघा! तुम्हीच म्हणताय." सर दुखावल्यासारखे झाले. "मी आयुष्य घातलंय यात. एका पायावर. जे आलेच नाहीत त्यांना मी मोजू कसा? उद्या म्हणाल जे जन्मलेच नाहीत त्यांनाही मोजा."

"सर, ओंडका नसेल तर ते मरतील. मी पण मरेन. मला उडी येत नाही अजून."

"तुम्हाला?" सर हसले. "तुम्ही तर माझ्या सगळ्यात यशस्वी रुग्ण! घळीच्या दिवशी पहिली उडी तुमचीच ठेवली आहे. प्रात्यक्षिक म्हणून. सांबररावांना कळवलंय मी."

बोंबला!

संध्याकाळी सांबररावांनी शेवंतीला बाजूला घेतलं. मोठी माणसं बाजूला घेतात तेव्हा काहीतरी लहान बोलायचं असतं.

"पोरी, गुडघा दुखतोय ना अजून? मला दिसतंय. मी काय आंधळा आहे?"

"मग सभेत का नाही बोललात, आबा?"

"सभेत दिसतं ते वेगळं. हे बघ. तू कड्यावर ये. मी शेजारी उभा राहीन. माझ्या पाठीवर बस, मी उडी मारतो. लांबून कुणाला कळतंय? तू पलीकडे गेल्यावर एवढंच म्हण, की गुडघा बरा आहे. झालं. तू वाचलीस, मी सुटलो, बगळा खूष."

"आणि गोदाक्का? बाकीचे?"

"बाकीचे कोण? निकालात बाकीचे नाहीतच."

शेवंती गप्प राहिली. गप्प राहणं म्हणजे होकार, असं सांबररावांनी धरलं. पुढारी तसंच धरतात.

शेवंती कपारीपाशी गेली आणि तिने गोदाक्काला सगळं सांगितलं.

"मग जा की त्याच्या पाठीवरून!" गोदाक्का म्हणाली. "तुझं वय काय, माझं वय काय. मी असल्या कपारीत काढेन उन्हाळा."

"पाणी?"

"दव चाटेन."

"उन्हाळ्यात दव नसतं, गोदाक्का."

"मग तुझी आठवण काढून रडेन आणि ते पिईन. जा म्हटलं ना!"

शेवटी तो दिवस उजाडला. डबक्यांत नुसता चिखल उरला होता. सगळं जंगल घळीच्या काठावर जमलं. बगळेसर उंच दगडावर. माकडं फांद्यांवर. सगळ्यात मागे, जरा लांब, दौलतराव गवा, गोदाक्का आणि आणखी दहा-बारा जण. कुणाचा पाय, कुणाची पाठ, कुणाची मान. ते सभेला नव्हते. टेकडी चढता आली नव्हती ना. ओंडका बंद झालाय हे गोदाक्का सोडून बाकीच्यांना त्या सकाळीच कळलं होतं.

आणि त्यांच्याही मागे, झुडपात, तुलना-गट. प्रसन्न मनाने.

"आता आपल्या यशस्वी रुग्ण," सरांनी पुकारा केला, "शेवंती मॅडम पहिली उडी घेतील!"

शेवंती काठावर आली. सांबरराव शेजारी येऊन उभे राहिले. हळूच पाठ खाली केली. "बस," ते पुटपुटले. "लवकर."

शेवंतीने खाली बघितलं. घळीचा तळ दिसत नव्हता. पलीकडे बघितलं. हिरवंगार होतं, पाण्याचा वास येत होता. मग मागे बघितलं. गोदाक्का मान उंच करून तिला खुणावत होती, जा, जा म्हणून. नेमकी तीच खूण शेवंतीला बघवली नाही.

ती भुंकली.

एवढी जोरात, की सांबरराव दचकून सरळ झाले. फांदीवरची दोन माकडं खाली आली.

"माझा गुडघा बरा नाही!" शेवंती ओरडली. "झालाच नव्हता! ससा, मोर, मुंगूस, कुणीच अभ्यास सोडला नाही! त्यांना तरसाने खाल्लं! मागे बघा, कितीतरी जण आहेत! ओंडका घाला!"

सगळे शेवंतीकडे बघायला लागले. मग सगळे मागे बघायला लागले. मागचे लंगडे त्यांच्याकडे बघत होते. क्षणभर, खरंच क्षणभर, असं वाटलं की आता सगळे जाऊन ओंडका आणणार.

तेवढ्यात बगळेसरांनी घसा साफ केला. "या रुग्णाने," ते शांतपणे म्हणाले, "आत्ताच अभ्यास सोडलेला आहे."

"म्हणजे निकालाचं काय?" कुणीतरी विचारलं.

"उरलेल्यांमध्ये शंभर टक्केच!"

हुश्श! सगळ्यांना केवढं बरं वाटलं! लंगडे बघून आलेला ओशाळा भाव आकडा ऐकून लगेच गेला. टाळ्या झाल्या. मग धडाधड उड्या सुरू झाल्या. चितळ गेले, कोल्हे गेले, माकडं गेली. रानडुक्कर मान वाकडी असतानाच पूर्ण विश्वासाने उडालं. त्याने अधांतरीच अभ्यास सोडला. सांबररावांनीही एक झोकदार उडी मारली. शेवंतीकडे न बघता.

अलीकडे उरले ते बारा-पंधरा जण. आणि एक तरस.

"मूर्ख आहेस," गोदाक्का म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "दव लागणार नाही आता मला."

"रडू नका. ओंडका कुठाय?" शेवंती म्हणाली.

"वर, त्या उतारावर," दौलतराव म्हणाला. "पण दरवर्षी अख्खं जंगल लागतं त्याला."

"तुमचं काय दुखतं?"

"डावा खांदा."

"उजवा?"

"उजवा एकदम टणाटण!"

"मग उजवा लावा. ज्याचं जे दुखत नाही ते त्याने लावा."

आणि लावलं हो त्यांनी! दौलतरावाने उजवा खांदा लावला. मान धरलेल्या कोल्हीने ढुंगण लावलं. पाठ गेलेल्या साळिंदराने काही लावलं नाही, कारण सगळे म्हणाले, प्लीज, तू नुसतं बोल. शेवंतीने तीन पाय रोवले आणि डोकं लावलं. म्हणजे खरंच डोकं, कपाळ. ओंडका हलला. मग घरंगळला. मग घसटत आला आणि धाडकन घळीवर आडवा पडला. जरा तिरका पडला, पण पडला.

"मदत करू का?" तरस झुडपातून बाहेर आला.

दौलतराव वळला. एक शिंग खाली केलं. "ये. हाडं आणि सांधे यावर जरा बोलू."

तरस दोन पावलं मागे सरला.

एकेक जण पार होऊ लागला. लंगडत, सरपटत, रामराम म्हणत. गोदाक्का गेली. शेवंती गेली. शेवटी दौलतराव. तो ओंडक्यावर चढला आणि ओंडका कण्हला. तरसही लगेच मागे येऊन पाय टाकायला लागला. अर्ध्यावर कडाड आवाज आला. दौलतरावाने पुढे झेप घेतली. पुढचे खूर काठावर आले, मागचे घसरले. ओंडका मोडला. तरस कसाबसा मागे उडाला. दौलतराव लोंबकळला.

गोदाक्काने त्याच्या शिंगाला मिठी मारली आणि शेपटी एका मुळाला गुंडाळली. शेवंतीने तिला धरलं, कोल्हीने शेवंतीला धरलं, कुणी कुणाला धरलं ते कळेना. ओढा रे! ओढा! कटकन आवाज झाला. दौलतराव वर आला आणि धप्पकन पडला.

"मेले!" गोदाक्का किंचाळली. मग थांबली. मग हळूच कंबर डावीकडे हलवली. मग उजवीकडे. "अगं बाई. सुटली की!"

तेवढ्यात पंखांचा आवाज आला. बगळेसर उडत घळ ओलांडून आले होते. त्यांना ना उडी लागते ना ओंडका. ते उतरले, एका पायावर उभे राहिले आणि सगळ्यांकडे बघून त्यांचा चेहरा उजळला.

"सगळे पार?" ते म्हणाले. "म्हणजे ज्यांनी अभ्यास सोडला होता तेसुद्धा? लगेच परत घ्या त्यांना अभ्यासात! गोदाक्का, कंबर?"

"सुटली, पण ती तुमच्यामुळे नाही, मी..."

"सुटली! ऐकलंत? दीर्घकालीन परिणाम!" सर शेवंतीकडे वळले. "आणि मॅडम, तुम्हाला? आता कसं वाटतंय?"

शेवंतीने मागे वळून बघितलं. पलीकडच्या काठावर तरस येरझाऱ्या घालत होता. मधे घळ होती. ओंडका तळाशी गेला होता.

"आता?" ती म्हणाली. "आता बरं वाटतंय."

"रुग्णाला बरं वाटतंय!" सर आनंदाने ओरडले. सगळ्या रानात टाळ्या झाल्या.

"पण सर, तो ओंडका?" एका माकडाने विचारलं.

"तो बाहेरचा घटक. तो हिशोबात धरत नाहीत."

मग सत्कार वगैरे झाला. सरांनी या बाजूलाही एक टेकडी शोधली. आधीच्यापेक्षा जरा जास्त उंच. शेवंती आणि गोदाक्का ओढ्यावर गेल्या, पोटभर पाणी प्यायल्या. तिथे झाडाआड कुणीतरी पाय पाण्यात बुडवून उभं होतं. शिंगांवरून कळलं, सांबरराव. झोकदार उडीच्या शेवटी त्यांचा घोटा मुरगळला होता. भोपळ्याएवढा सुजला होता.

"पोरी," ते हळू आवाजात म्हणाले, "पावसात परत जायचंय आपल्याला. तेव्हा एखादा ओंडका... म्हणजे, तुम्ही लोक टाकता ना छान."

"तुम्हाला कशाला ओंडका, आबा?" शेवंती म्हणाली. "तुम्ही तर शंभर टक्क्यांत आहात."

"हसू नकोस गं, टेकवत नाही पाय."

"मग जा की," गोदाक्का म्हणाली, आणि नवी कोरी कंबर डोलावत तिने टेकडीकडे बोट केलं. "सर वर आहेत. फक्त वाटेत थांबू नका."

तात्पर्य: मुलांनो, प्रयत्नांती परमेश्वर, हे अगदी खरं आहे. म्हणून परमेश्वराला नेहमी उंच टेकडीवर बसवावं, आणि दर्शनाला पोचतील तेवढेच भक्त मोजावेत. म्हणजे जगात कुणाचीही प्रार्थना फुकट जात नाही.